सहकुटुंब पाहावा असा

गणपती महिन्यावर आले की सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी घसा खाकरून म्हणतेच, ‘यंदा सिनेमा जरा चांगला ठेवा हं.’ उत्तम दिग्दर्शन, अभिनय, छायाचित्रण यांतले काहीही बोलणाऱ्याच्या मनात नसते. त्याला हवे असते ते इतकेच, की तळमजल्यावरच्या आजींना मध्येच मान खाली घालावी लागू नये आणि त्यांच्या मांडीवरच्या नातवाने मान वर करून ‘आजी, हे काय करतायत?’ असे विचारू नये.

अशा वेळी ज्याला आवतण जाते तो हा आपला फॅमिली पिक्चर. फळ्यावर त्याचे नाव ‘कौटुंबिक चित्रपट’ असे खडूने लिहितात आणि पुढे ‘सहकुटुंब, सहपरिवार पाहावा असा’ ही पदवी जोडतात. तुमची त्याची तोंडओळख असणारच. लग्नाकार्यात भेटणाऱ्या लांबच्या काकांशी असते तशी: वाकून नमस्कार करायचा, ‘बरं चाललंय’ म्हणायचे आणि पंगतीत त्यांच्यापासून चार पाने सोडून बसायचे. पण एकदा शेजारी बसून बघा. गृहस्थ वाटतो त्यापेक्षा बराच गमतीचा आहे.

त्याला स्वतःच्या चारित्र्याचा भलताच अभिमान. सेन्सॉरचा दाखला इतर सिनेमे नाइलाजाने दाखवतात. हा तो मिरवतो. ‘यू’! नुसता ‘यू’, मागेपुढे काही नाही. २०२४ च्या नियमांनी ‘यूए’मध्ये ७+, १३+, १६+ अशा पोटजाती काढल्या, त्या त्याला मुळीच मान्य नाहीत. माणूस एक तर घरात घेण्याजोगा असतो किंवा नसतो, असे त्याचे साधे गणित. तेरा वर्षांवरच्यांनी तेवढा घरात घ्यावा, हा कसला माणूस?

त्याची दिनचर्या ठरलेली. पहिल्या पाच मिनिटांत घंटा वाजते, देव्हाऱ्यात निरांजन लागते आणि न्हालेली सून तुळशीला पाणी घालते. सासरे आरामखुर्चीत पेपर वाचत चहा मागतात. एवढ्या मोठ्या घराचा खर्च नेमका कोणाच्या पगारावर चालतो हे शेवटपर्यंत कळत नाही. मध्यंतराच्या जरा आधी कोणाच्या तरी छातीत कळ येते किंवा घरातला दागिना हरवतो. हरवलेला दागिना घरातल्या सर्वांत सोशीक बाईच्या ट्रंकेत सापडतो. शेवटी सगळे घर एका फोटोत मावते आणि ज्याने दोन तास सर्वांना छळले तो बरोबर मध्यभागी उभा असतो.

बिघडलेली सून ओळखायला त्याच्याकडे एकच खूण आहे: बिनबाह्यांचा ब्लाऊज. गॉगल आणि पर्स असली तर सोन्याहून पिवळे. ही सून ज्या दिवशी सासूच्या पायाशी वाकते, त्या दिवशी तिच्या ब्लाऊजला कोपरापर्यंत बाह्या येतात. पश्चात्तापाचा आणि शिवणकामाचा इतका जवळचा संबंध दुसऱ्या कोणी दाखवलेला नाही.

चाळींच्या दिवसांत त्याचा थाट काही और होता. गल्लीच्या या गॅलरीपासून त्या गॅलरीपर्यंत पांढरे कापड ताणायचे, खाली टेबलावर सोळा एमएमचे मशीन, त्याच्याभोवती पोरांचे कडे. संध्याकाळपासूनच सतरंज्या, पाट आणि अगदीच काही नाही तर चप्पल ठेवून जागा धरलेल्या. कापड पातळ, त्यामुळे चित्र दोन्ही बाजूंनी दिसे. पुढे जागा न मिळालेले सरळ पडद्यामागे जाऊन बसत. तिथे नामावली उलटी, नायक डावरा, आणि नवरी मुलगी पाट्यावर उजवा पाय ठेवते की डावा यावर आजींचा आक्षेप. पण रडू मात्र दोन्ही बाजूंना एकाच वेळी येई. रीळ बदलताना दिवे लागत. तेवढ्यात पदर डोळ्यांवरून खाली घ्यायची बायकांची धांदल उडे आणि पुरुष मंडळी उगाचच मशीनकडे बघत बसत.

पुढे रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे दिवस आले. एका रात्रीत तीन कॅसेटी. याची कॅसेट पहिली लागायची, कारण तेव्हा म्हातारी माणसे जागी असत. ती झोपायला गेली की दुसरी आणि तिसरी, त्यांची नावे फळ्यावर लिहीत नसत. याच काळात रिमोट हाती असणारे एक काका प्रत्येक मजल्यावर जन्माला आले. पडद्यावर पाऊस सुरू होऊन नायिका भिजायला लागली की काका पुढे पळवायचे बटण दाबत. घाईत बोट चुके. नको तेच चित्र मुंग्यांसकट स्थिर होऊन उभे राही आणि सबंध खोलीला ते अर्धा मिनिट निरखून बघावे लागे. एरवी ते गाणे कोणाच्या लक्षातही राहिले नसते.

हा सत्याचा मोठा भोक्ता आहे. त्याचे घराणेच तसे. १९१३ च्या ३ मे रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ लावला, तिथून याची वंशावळ सुरू होते: स्वप्नात दिलेला शब्दही पाळायचा. तारामतीचे काम करायला बाई मिळेना म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाने ते केले, हा तपशील तो फारसा सांगत नाही. आपण त्याला दाखवतो तरी कसे? वीज रस्त्याच्या खांबावरून आकडा टाकून घेतलेली. प्रत चोरीची. ‘प्रामाणिकपणे कष्ट करून खाईन’ असे नायक छातीवर हात ठेवून सांगत असतो आणि त्याच वेळी थिएटरात चोरून चित्रण करणाऱ्याच्या पुढून एक डोके पॉपकॉर्न आणायला जाते. हा काही बोलत नाही. घरच्यांचे दोष पोटात घालायचे, ही त्याचीच शिकवण.

आता त्याला निवडतात कसे ते सांगतो, कारण त्याचा खरा स्वभाव तिथेच उलगडतो.

निवड समितीत चार जण असतात. अध्यक्षांना संस्कार हवे असतात. सेक्रेटरींना वेळेत संपणारा हवा असतो: ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले तेव्हापासून रात्री दहानंतर भोंगा बंद, आणि सवलतीचे दिवस मिरवणुकांसाठी राखलेले. त्यामुळे ‘हम आपके हैं कौन’ दर वर्षी सुचवला जातो आणि दर वर्षी लांबीवर पडतो. तीन तासांहून मोठा सिनेमा, त्याच्या आधी बक्षीस समारंभ. त्यातले डोहाळजेवण सुरू होईपर्यंत पोलीस येतील. खजिनदारांना फुकटात मिळणारा हवा असतो. चौथा सभासद तरुण असतो, तो एक इराणी सिनेमा सुचवतो. त्यात लहान भावंडे आहेत, बूट आहेत, गरिबी आहे, आईवडिलांचा धाक आहे. अध्यक्षांना हवे ते सगळे त्यात आहे. पण ‘आपल्याकडच्या लोकांना झेपणार नाही’ असे म्हणून तो बाजूला ठेवला जातो. मग ग्रुपवर मतदान घेतात. सर्वांत जास्त मते ‘अशी ही बनवाबनवी’ला पडतात.

या १९८८ च्या बनवाबनवीचा फॅमिली पिक्चरला मनातून फार हेवा वाटतो. चार तरुण राहायला जागा मिळावी म्हणून घरमालकिणीला धडधडीत फसवतात, दोघे साड्या नेसून बायका बनतात, डोहाळजेवणाचा बेत होतो, खोट्यावर खोटे. संस्काराचे एक अक्षर नाही. आणि तरी आजीपासून नातवापर्यंत एकालाही कुठे बघावे असा प्रश्न पडत नाही, संवाद अर्ध्या गल्लीला पाठ. हा बिचारा आयुष्यभर खरे बोलला आणि मते बनवाबनवीला पडली.

मतदान मागे पडते, कारण शेवटी अध्यक्षच ठरवतात. ते नावावरून ठरवतात. नाव वाचून पत्रिका जमवायची आणि मुलगी बघायची नाही, असा हा प्रकार. एका महिला मंडळाने हळदीकुंकवाच्या समारंभाला ‘कुंकू’ लावला होता. प्रभातचा, १९३७ चा, शांतारामबापूंचा. नाव इतके मंगल की चौकशीची गरजच वाटली नाही. वाण वाटून झाले, बायका स्थिरस्थावर झाल्या, दिवे मालवले. आणि पडद्यावर शांता आपटे! फसवून म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावून दिलेली नीरा नवऱ्याला नवरा मानायलाच तयार नाही. पाजी सावत्र मुलाला ती बदडून काढते. केशवराव दात्यांचे काकासाहेब वय लपवायची धडपड करीत आरशासमोर उभे राहतात. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे घरातल्या घड्याळाची टिकटिक तेवढी सभागृहभर. शेवटी काकासाहेब तिला मोकळी करून जीव देतात.

दिवे लागल्यावर म्हणे बराच वेळ कोणी उठले नाही. मग पुढच्या रांगेतल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, ‘पुढच्या वर्षी हाच ठेवा. सुनांनाही आणू.’

फॅमिली पिक्चरच्या घराण्याचे हे गुपित आहे. त्याचे वाडवडील बघितले तर एकेक जण इरसाल. सोवळेपणा आला तो पुढच्या पिढ्यांत.

‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले पुस्तक; सिनेमा १९५३ चा, राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणारा. संस्कारांचा यापेक्षा मोठा दाखला नाही. काढला कोणी? आचार्य अत्र्यांनी. विडंबनाने भल्याभल्यांना रडकुंडीला आणणारे, व्यासपीठावरून कोणाचीही भीड न ठेवणारे अत्रे. आणि १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’ची कथा त्यांचीच, ज्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात तळ्याकाठी आल्या आणि महाराष्ट्राने तोंडात बोटे घातली. आज त्याच माणसाचे नाव अध्यक्षांपुढे आले असते तर त्यांनी आधी ‘ब्रह्मचारी’ हे नाव वाचून पसंत केले असते, मग सिनेमा पाहून अत्र्यांना समितीतून काढले असते.

आणि ती आईसुद्धा. आपल्या आठवणीत ती पदर पसरणारी, डोळ्यांत पाणी आणणारी. न्हाल्यावर ओल्या पायांना माती लागेल म्हणून श्याम हटून बसतो, ती धोंडीवर पदर पसरते, तो पाय ठेवतो. ते आहेच. पण पोहायला घाबरून लपलेल्या याच श्यामला शिंपटीने फोडत विहिरीकडे हाकणारीही तीच. वनमालाबाईंनी दोन्ही बाजू दाखवल्या. संस्कारवर्गवाले मात्र तिची एकच बाजू दाखवतात, शिंपटीची बाजू ते कापून टाकतात. मग मुलांना ती खरी वाटत नाही, यात नवल काय?

माझी सर्वांत लाडकी मात्र आवली. प्रभातचा ‘संत तुकाराम’, १९३६. दामले आणि फत्तेलाल यांनी काढला. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. आवली झाली गौरी, प्रभातमध्येच किरकोळ कामे करीत वर आलेली. भक्तिपट म्हणून तो निर्धास्तपणे निवडला जातो. पण नीट बघा: घरात दाणा नाही, पोर तापाने फणफणलेले, आणि नवरा देवाच्या नावात दंग. आवली काय करते? तडक देवळात जाते आणि पायातली वहाण काढून विठोबापुढे उभी राहते. भर देवळात, साक्षात पांडुरंगाला जोडा दाखवणारी बाई! आज हे कोणी नव्याने लिहिले तर मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना पोलीस बंदोबस्त मागावा लागेल. १९३६ साली लोक हसले, रडले आणि मुंबईत एका थिएटरात सिनेमा वर्षभराहून जास्त चालवला.

कारण त्यांना ठाऊक होते की आवली नास्तिक नाही. परंपरा, संसार, घरधर्म यांचे ज्याला कोणाला सिनेमातून दर्शन घडवायचे आहे, त्याने तिच्याकडे बघावे. तुकोबा जग सोडायला निघालेला माणूस. घर धरून ठेवते ती आवली. म्हशीचा चारा, चूल, पोरांची तोंडे, हे सगळे तिचे दैवत, आणि त्या दैवताच्या वतीने ती विठ्ठलाशी भांडते. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात, हिलाही चल म्हणतात. ही चुलीपाशी. तिला कामे आहेत. तुकोबांइतकीच ती मोठी दिसते, आणि दामले-फत्तेलालांनी ती तशी दिसू दिली. संस्कारांचा सिनेमा टिकतो तो अशी एखादी आवली आत असेल तर. जो तिला घाबरून बाहेर ठेवतो तो पुढच्या गणपतीपर्यंत लक्षात राहत नाही.

रडवण्याचा त्याला शौक आहे. रुमाल किती भिजले यावर तो स्वतःची किंमत करतो. या बाबतीत घराण्यातली थोरली पाती म्हणजे १९९१ ची ‘माहेरची साडी’. अलका कुबल सोसत राहते, उषा नाडकर्णी छळत राहते, आणि विक्रम गोखल्यांचा बाप पोटच्या मुलीला अपशकुनी मानून तोंड फिरवतो. गावोगावच्या बायका ट्रॅक्टर-टेम्पोत बसून गेल्या. शहाण्यासुरत्या समीक्षकांनी नाके मुरडली. मीही मुरडले असते, पण सिनेमाच्या तंबूत शेजारी बसलेली बाई पडद्यावरच्या सासूला जे काही ऐकवत होती ते तिला घरी ऐकवता येत नव्हते, हे दिसत होते. सोशीकपणाचे असे कौतुक मला पटत नाही. तरी त्या तीन तासांत कोणाची तरी तक्रार जाहीरपणे वाचून दाखवली जात होती, एवढे मान्य करायला हवे. आणि एक गंमत: हा सिनेमा काढणारे विजय कोंडके हे दादा कोंडक्यांचे पुतणे. एकाच घरात द्व्यर्थी विनोदाची आणि माहेरच्या अश्रूंची अशी दोन दुकाने, आणि दोन्हींसमोर रांगा.

त्याच्यातले खलपुरुषही बघून घ्या. निळूभाऊ फुले पडद्यावर आले की बाया पदर सावरून बसत. प्रत्यक्षात निळूभाऊ राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेले, समाजकार्यात हयात घालवलेले. साने गुरुजींचे सेवा दल ते हेच. आई लिहिणारा आणि आयाबहिणींना धडकी भरवणारा, दोघे एकाच अंगणातले. हे मी सांगितले की मुले हसतात आणि मोठी माणसे विश्वास ठेवत नाहीत.

आता त्याचा सर्वांत नाजूक विषय: म्हातारे आईबाप. यावर तो दर पिढीला एकदा तरी बोलतोच. १९५४ साली राजा परांजप्यांनी ‘ऊन पाऊस’मध्ये मुलांच्या संसारात वाटले गेलेले मास्तर आणि त्यांची बायको दाखवली. १९६३ च्या ‘मोलकरीण’मध्ये सुलोचनाबाई मुलाच्याच घरी भांडी घासतात. १९९८ च्या ‘तू तिथे मी’मध्ये मोहन जोशी आणि सुहास जोशी यांची ताटातूट होते आणि ते चोरून भेटतात. २००३ साली ‘बागबान’ आला आणि मराठी घरांनीही तो आपलाच मानला.

‘बागबान’ निवडणारे नेहमी साठीपुढचे असतात. सिनेमा सुरू झाला की प्रेक्षकांची मांडणी बघण्यासारखी असते. पुढच्या खुर्च्यांवर आईवडील, ताठ. त्यांच्या मागे मुले आणि सुना, फोनमध्ये. पडद्यावर वडिलांचा चष्मा फुटतो आणि तो बदलून द्यायला मुलाकडे पैसे नसतात, तेव्हा पुढच्या रांगेतून एकही मान मागे वळत नाही. वळायची गरजच नसते. ती न वळणेच इतके ऐकू येते की मागचा एक मुलगा आइसक्रीम आणायला म्हणून उठतो आणि नंतर दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सोसायटीतल्या बऱ्याच आयांना ‘जेवलीस का?’ असे फोन येतात. चौथ्या दिवशी बंद होतात. सिनेमा कोणाला तरी टोमणा म्हणून लावला की त्याचा असर साधारण इतकाच टिकतो. हा मात्र खूश असतो. त्याला वाटते, सुधारली मंडळी!

त्याच्या खोटेपणाचेही सांगायला हवे, नाहीतर ओळख अर्धी राहील. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे राहत होती तेव्हा याने त्यांना झोपाळ्याचे, माजघराचे, परसदाराचे घर दाखवले आणि एकत्र कुटुंबाचे गोडवे गायले. त्या आठ जणांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांनाही तेच हवे होते: एकत्र कुटुंब, पण पंधरा खोल्यांत. आता लोकांकडे खोल्या आहेत आणि कुटुंब तीन देशांत आहे.

त्या देशांतही तो जातो. न्यू जर्सीच्या शाळेतला भाड्याने घेतलेला हॉल, बाहेर थंडी, आत महाराष्ट्र मंडळाचा गणपती आणि फॉइलच्या ट्रेमध्ये मसालेभात. तिथे त्याची पंचाईत वेगळी. तिसरी पिढी खाली उमटणारी इंग्रजी वाक्ये वाचते आणि प्रामाणिक प्रश्न विचारते: या काकू जेवत का नाहीत? या आजोबांना त्यांची बायको नावाने हाक का मारत नाही? इथल्या मुलांना हे प्रश्न पडत नाहीत असे नाही; इथे विचारायची सोय नाही. तिथल्या आईला उत्तर द्यावे लागते. ते देताना ती अडखळते, आणि कधी कधी सिनेमापेक्षा ते अडखळणे मुलाला जास्त काही सांगून जाते.

म्हणून त्याला निवडायचे तर कसे, असे कोणी विचारलेच तर माझे मत सांगून मोकळा होतो. ज्यात सद्गुणाला काही किंमत मोजावी लागत नाही तो घेऊ नका. ज्यातला चांगला माणूस एकदाही चुकत नाही तोही नको. उपदेश करणारे पात्र कपाळाला गंध लावून समोर बघत बोलू लागले की समजा, लिहिणारा थकला होता.

आणि एकच नाव हवे असेल तर ‘श्वास’. २००४ चा, संदीप सावंतांचा. ‘श्यामची आई’नंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी मराठीकडे सुवर्णकमळ आणणारा. तो ऑस्करला गेला तेव्हा खर्चासाठी महाराष्ट्रातल्या साध्या साध्या माणसांनी वर्गणी काढली होती. कोकणातले आजोबा, अरुण नलावडे. डोळ्यांच्या कर्करोगाने गाठलेला नातू परशा. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेआधी आजोबा पोराला घेऊन हॉस्पिटलातून गुपचूप निघून जातात, त्याला अजून दिसते आहे तोवर शहर दाखवायला. डॉक्टर चिडतात, नियम मोडला म्हणून. आजोबा मोठे भाषण करीत नाहीत. वडीलधाऱ्याने नातवासाठी काय करावे हे दाखवायला त्यांना देव्हारा लागत नाही, झोपाळा लागत नाही आणि शेवटचा फोटोही लागत नाही.

दोन तासांच्या आत संपतो. साडेसातला सुरू केलात तर सेक्रेटरींनाही तक्रारीला जागा नाही, आणि आठ वर्षांच्या मुलापासून ऐंशीच्या आजींपर्यंत कोणालाही उठून पाणी प्यायला जावे लागणार नाही. फक्त प्रत रीतसर मिळवा, खांबावर आकडा टाकू नका, आणि कृपा करून सिनेमाच्या आधी सत्कार ठेवू नका.